खंडेनवमीची पक्कड

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. गेवराईजवळ वाळूचा ट्रक चुकवताना यांची नवी मोटारसायकल घसरली आणि खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. "प्लेटा आणि स्क्रू पुण्यात बसवतात, इथं तारच," असं म्हणून बीडच्या डॉक्टरांनी वरच्या-खालच्या दातांना धातूच्या पट्ट्या आवळल्या आणि त्या एकमेकींना तारांनी बांधून टाकल्या. तोंड महिनाभर बंद. बोलणं पाटीवर, जेवण नळीनं. निघताना डॉक्टरांनी माझ्या हातात एक पक्कड दिली. "ओकारी आली तर या उभ्या तारा लगेच कापा, नाहीतर गुदमरतील. ही उशाशीच पाहिजे."

मी ती जिवापाड जपली. रोज पुसायचे. माझ्या शहाणपणाला काय म्हणावं! खंडेनवमीला सासूबाईंनी यांच्याच खोलीत हत्यारं पुजायला मांडली. कोयता, विळी, अडकित्ता, कात्री. घरातलं एकही हत्यार राहायला नको म्हणून मी ती पक्कडही धुऊन, हळदकुंकू लावून रांगेत ठेवली. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही. माझ्या माहेरी त्या दिवशीची भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरलेली असायची. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं मला वाटलं.

दुपारी गाळलेली कटाची आमटी पोटात गेली आणि यांना उमळून आलं. ओकारी बंद दातांमागं अडकली. नाकातून आमटी यायला लागली, डोळे पांढरे झाले, पाय गादीवर आपटायला लागले. मी पूजेकडं धावले. पक्कड समोर होती, तिच्यावर झेंडूचं फूल. आणि माझा हात थांबला.

किती वेळ, ते मला अजून सांगता येत नाही. माणूस गुदमरतंय आणि मी फुलाकडं बघतेय! आजही आठवलं की स्वतःचीच किळस येते.

"आगं, कावून थांबलीस? माजं लेकरू चाललं की!" सासूबाई ओरडल्या. देवाधर्माला इतक्या कडक बाई, पण त्यांनीच पक्कड ओढून माझ्या मुठीत कोंबली. मी तारा कापल्या, यांना कुशीवर वळवलं. सगळं बाहेर आलं आणि श्वास मोकळा झाला.

संध्याकाळी बीडला तारा पुन्हा बांधल्या. त्या कायमच्या सुटल्या त्या दिवशी आम्ही दोघंच एसटीनं परतत होतो. जबडा आखडलेला, शब्द बोबडे.

"त्या दिवशी तुजा हात कावून थांबलता?" यांनी विचारलं.

मला वाटत होतं, यांनी ते पाहिलं नसेल.