लवकर गेलेलं बोट

फोटोवाले अण्णा पैलवान पडायच्या आधीच कळ दाबत, आणि फोटोच्या काचेवर मात्र तो पडलेलाच उमटे. नगरात हे गुपित फक्त मला ठाऊक होतं.

त्यांचा कॅमेरा पेटीएवढा, आत आरसा. वरच्या कातडी नळकांड्यात तोंड खुपसून बघायचं. कळ दाबली की आधी आरसा उचलला जाई, मग पडदा उघडे. तेवढ्यात समोरचं सगळं बदललेलं. पंधरा वर्षांत अण्णांच्या बोटानं तो उशीर पाठ केला होता. "दिसलं ते गेलं, बीएस्सी," असं ते म्हणत. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

लग्नात ते नवरीच्या कोपराकडे बघत. हार घालताना आधी कोपर हलतं, तोंडाला त्याची खबर नंतर लागते, हे त्यांचं शास्त्र. माझं शास्त्र पुस्तकातलं. नेवाशाकडचा शेतकऱ्याचा मुलगा, घराण्यात पहिला पदवीधर. नगरच्या शाळेत शिकवायचो आणि अण्णांच्या दुकानावरच्या माडीत राहायचो. पदवीचा ताठा होता. तो मी कष्टानं कमावला होता, त्याची लाज मला तेव्हाही नव्हती.

युद्ध संपलं, छावणीतले गोरे साहेब चंबूगबाळं आवरू लागले. एकाचा मुठीत मावणारा कॅमेरा विकायला निघाला. त्यात आरसा नाही; खिडकीतून बघायचं, दोन प्रतिमा एकावर एक बसल्या की नेम लागला. मी पाटीवर आकृती काढून अण्णांना पटवलं, की आरसाच नाही तर उशीर कसला? दाबाल तेव्हाच निघेल.

दोन दिवसांनी म्हणाले, "या वयात बोटाला नवं शिकवू?"

मी हसलो. शिकायचं काही उरतच नाही, म्हणालो. जुना कॅमेरा विकून त्यांनी तो घेतला. महिनाभर रस्त्यावरच्या टांग्यांवर हात बसवला. टांगे ठीक येत.

मग श्रीगोंद्याकडच्या जत्रेत आमच्या पेठेतल्या तालमीच्या गड्याची मानाची, शेवटची कुस्ती लागली. फोटो तालमीत टांगायचा ठरला होता. गड्यानं खालून डाव टाकला आणि पलटी मारून समोरच्याला चीत केलं. मैदान उसळलं, फेटे उडाले. अण्णा मात्र मान खाली घालून बोटाकडे बघत होते. गर्दीत ते पंधरा वर्षांच्या सवयीनं, पलटीच्या आधीच गेलं होतं.

फोटोत आमचा गडी खाली, चीत झाल्यासारखा, वर दुसरा. मी म्हटलं, सांगा फिल्म खराब निघाली. अण्णा म्हणाले, "आलंय ते आलंय," आणि फोटो घेऊन तालमीत गेले. मीही सोबत होतो.

वस्तादांनी फोटो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "आमचा गडी खाली दाखिवला व्हय? त्यांचं मीठ खाल्लं का काय, अण्णा?"

नव्या कॅमेऱ्यावर बोट लवकर गेलं, असं अण्णांनी सांगितलं.

"इतकी वर्सं न्हाई गेलं, आन आत्ताच गेलं?" वस्ताद माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकलेलं मानूस. तुमी सांगा. आसं हुतं का?"

पाच वाक्यांत सांगता आलं असतं. पण मग कॅमेरा कुणी घ्यायला लावला तेही सांगावं लागलं असतं, त्या साऱ्या पोरांसमोर, ज्यांतली निम्मी माझ्या वर्गात होती. मी म्हणालो, "मला कुस्तीतलं काही कळत नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फोटो खिशात घातला आणि पायऱ्या उतरले.

अण्णा फितले, ही गोष्ट सबंध नगरात फिरली. जत्रा सुटल्या, मग लग्नंही. वर्षभरानं दुकान मोडून ते मुलीकडे खानदेशात निघाले. ट्रंक मीच स्टेशनवर नेली.

बाकावर बसल्यावर शांतपणे म्हणाले, "तुमचं गणित बरोबर होतं, बीएस्सी. बोट माझंच जुनं. पण तालमीत तेवढं सांगायला हवं होतंत. तुमचं ऐकलं असतं त्यांनी."

गाडीला अजून वेळ होता. मी चहा आणतो म्हणून उठलो, आणि गाडीची घंटा होईपर्यंत स्टॉलपाशीच उभा राहिलो.