कोंडवाड्याचे माजी विद्यार्थी

आमच्या विद्यापीठाच्या दारात काळ्या दगडाची एक भिंत आहे. तिच्यावर पहिल्या वर्गातल्या एकतीस विद्यार्थ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांतला एकही विद्यार्थी नव्हता. ती सगळी माणसं आपापली जनावरं सोडवायला आलेली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

आमची संस्था मिशनच्या फादरांची. निजामाच्या काळात एका परदेशी फादरनं जुना सरकारी कोंडवाडा घेतला, शेण काढलं, भिंतींना चुना लावला आणि आत पहिला वर्ग भरवला. वर्गाची शाळा झाली, शाळेचं कॉलेज, कॉलेजचं विद्यापीठ. कोंडवाड्याची एक भिंत अजून ग्रंथालयामागे उभी आहे. पोरं तिला टेकून मोबाइल बघतात. मी इथं मराठी शिकवतो. मी ख्रिस्ती नाही. चर्चमध्ये ती कबुलीची लाकडी खिडकी आहे, तिच्यासमोरून रोज जातो, पण ती माझ्यासाठी नाही. म्हणून हे कागदावर.

शताब्दीचा इतिहास लिहायचं काम कुलगुरू फादरांनी माझ्यावर टाकलं. पहिले विद्यार्थी कोण होते ते शोधा, बाकी सगळं लोकांना माहीत आहे, असं ते म्हणाले. जुन्या ट्रंकेत त्या परदेशी फादरची वाळवीनं खाल्लेली पत्रं होती आणि तळाशी एक लांबट, कापडी बांधणीची वही. उर्दूत. मला उर्दू येत नाही, पण पहिल्या वर्गाची हजेरी हीच, असं मी धरून चाललो. वही घेऊन मी एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांना सगळे मास्तरसाब म्हणतात.

प्रेसवाला रोज फोन करत होता. मी मास्तरसाबांना म्हणालो, फक्त नावं आणि गावं सांगा, बाकीचे रकाने राहू द्या. त्यांनी सांगितली, मी लिहून घेतली. तासाभरात काम झालं. बाकीचं मी सावकाश बघतो, म्हणाले. मी वही त्यांच्याकडेच ठेवली आणि विसरून गेलो.

पुस्तक छापलं. दगड कोरला. समितीनं एकतीस घराण्यांचे वारस हुडकून काढले. आष्टीच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या आजोबांचं नाव वहीत तीनदा आलं होतं. बैठकीत कुणीतरी कारण विचारलं. मी जागच्या जागी सांगितलं, की या मुलानं दोनदा शाळा सोडली आणि दोन्ही वेळा परत नाव घातलं. फादर गहिवरले. त्या आजोबांच्या नावानं चिकाटी पारितोषिक ठरलं, ढालीसकट.

शताब्दीच्या कार्यक्रमाला चार दिवस होते. मास्तरसाब वही कापडी पिशवीत घालून स्टाफरूममध्ये आले. मी एकटाच होतो. त्यांनी पाणी मागितलं, प्याले आणि म्हणाले, "सर, गावाच्या पुढचा रकाना शिंगांचा हाय."

मला काही कळलं नाही. मी विचारलं, "कुणाच्या?"

"कुणाचं एक मोडकं, कुणाची वळलेली. त्याच्या पुढं रंग. तांबडा, पांढरा, कबरा. कोंडवाड्याचं रजिस्टर हाय हे, सर. इमारतीसंगं आलं असंल."

आष्टीकरांचा तांबडा बैल तीनदा दुसऱ्याच्या ज्वारीत शिरला होता आणि तिन्ही वेळा मालक दंड भरून त्याला घेऊन गेला होता. "चिकाटी होती," मास्तरसाब म्हणाले, "पण बैलाची." ते हसले नाहीत. दुसऱ्या कुणाला सांगितलंत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मी न्हाई बोलणार. माझं काम वाचायचं होतं, झालं. बोलायचं काम तुमचं."

मी लगेच फादरांच्या केबिनमध्ये गेलो. फादर चिकाटीवरच्या भाषणाची तालीम करत होते. मला बघून त्यांनी चहा मागवला आणि माझ्या पुस्तकातला एक उतारा मलाच वाचून दाखवला. मी चहा प्यालो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीहून एक म्हातारी आली. बगलेत फडक्यात गुंडाळलेली पाटी. तिनं सांगितलं, की तिचा बाप त्या पहिल्या, परदेशी फादरांच्या स्वयंपाक्याचा पोरगा. पहिल्या दिवशी वर्गात तो एकटाच बसला होता. पाटीच्या लाकडी चौकटीवर फादरांनी चाकूनं त्याचं नाव कोरलं होतं. ते वळण मी ओळखलं. ट्रंकेतल्या पत्रांवर तेच होतं. बाप जन्मभर गावात सांगत राहिला, की त्या शाळेतला पहिला पोरगा मी. लोक त्याला हसायचे, पारावर बसला की मुद्दाम विचारायचे. तिला शाल नको होती, नारळ नको होता. मांडवात त्याचं नाव एकदा वाचा, एवढंच.

माझ्या टेबलावर ते रजिस्टर पडलेलं होतं. मी त्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आजी, नाव वहीत नाही. वहीबाहेरचं नाव घेता येत नाही."

ती वहीकडे बघत राहिली. "वहीत न्हाई म्हंता. मंग ही पाटी कुणाची, साहेब?"

मी म्हणालो, ठेवून जा, तपासतो. ती ठेवून गेली. मला माहीत होतं, की अख्ख्या इतिहासात खरा विद्यार्थी तेवढा एकच सापडलाय. त्याचं नाव वाचलं असतं तर बाकीची एकतीस कशी आली, असं कुणीतरी विचारलं असतं.

कार्यक्रम फार छान झाला. वारस फेटे बांधून आले. एकानं सांगितलं, की आजोबांसमोर या जागेचं नाव काढलं तरी ते संतापायचे. शिस्त कडक असणार, फादर कौतुकानं म्हणाले. दुसऱ्याचे आजोबा म्हणे इथून बाहेर पडले ते शेताला दणकट कुंपण घालायचं शिकूनच. टाळ्या झाल्या. आष्टीच्या नातवानं ढाल डोक्यावर धरली. मास्तरसाब पहिल्या रांगेत, उर्दू वाचनाबद्दल मिळालेली शाल मांडीवर घेऊन, सगळा वेळ चष्मा पुसत होते. म्हातारी मागे, बायकांच्या खुर्च्यांमध्ये होती. एकतीसही नावं वाचून होईपर्यंत ती उभी होती. मग निघून गेली.

चिकाटी पारितोषिक आता दरवर्षी देतात. निवड समितीवर मी आहे.

गेल्या महिन्यात टेंभुर्णीच्या बाजारात ती दिसली. मी कांद्याच्या ढिगामागे वाकलो आणि कांदे निवडायला लागलो. ती ढिगाच्या पलीकडून म्हणाली, "साहेब, तपासून झाली का पाटी?"

मी म्हणालो, चालू आहे. चार किलो कांदे घेऊन घरी आलो. घरात कांदे होते.

पाटी माझ्या कपाटात आहे, रजिस्टरच्या खाली. रजिस्टर मला फादरांच्या टेबलावर ठेवायचं आहे, शिंगांचा रकाना उघडून. पाटी टेंभुर्णीला जाऊन परत करायची आहे. आणि तिच्या गावच्या पारावर, तिच्या बापाला हसलेल्या घरांसमोर, त्याचं नाव मला मोठ्यानं वाचायचं आहे. एवढं माझं देणं आहे. यातलं मी अजून काहीच दिलेलं नाही.