वाचनालयातलं हळदीकुंकू

वाचनालयाचं नाव लिहीत नाही. कर्जतला कॉलेज सुटलं की मी तिथे जायचे. खाली पुस्तकं, आणि लोखंडी जिना चढून गेलं की वर अभ्यासिका. सहा टेबलं, दोन पंखे, त्यातला एक चालायचा. आमच्या भिवपुरीकडच्या घरात दोन खोल्या आणि माणसं सात, त्यात भावाचं तान्हं बाळ. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. अभ्यासाला लागणारी शांतता कुठे मिळते हे घरी कोणालाच माहीत नव्हतं. ते मला ग्रंथपाल बाईंनी दाखवलं. माझा प्रवेशाचा अर्जही त्यांनीच शेजारी बसवून भरून घेतला होता.

तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत वाचनालयाचे अध्यक्ष वर आले. आम्ही पाचजण वाचत होतो. ते म्हणाले, "तपासणीला साहेब आले होते. फोटो बघून हसले. वाचन दिनाच्या फोटोत तुम्हीच, ग्रंथप्रदर्शनात तुम्हीच, व्याख्यानाला पण तुम्हीच!"

खरं होतं ते. कार्यक्रमाला कोणी यायचं नाही, म्हणून एकाच दुपारी तीन बॅनर बदलून आम्ही फोटो काढले होते. दरवेळी मी फक्त ओढणी बदलली होती.

"एकदा हा हॉल भरून दाखवा," अध्यक्ष म्हणाले. "नायतर अभ्यासिका बंद. पाच पोरांसाठी एवढी जागा अडवायची?"

एप्रिलमध्ये माझी शेवटची परीक्षा होती. मी आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी जबाबदारी अंगावर घेतली. 'एक तास पुस्तकासाठी' असा कार्यक्रम ठरवला, बॅनर लावला, सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकले. चारजण आले. त्यातला एक पाऊण तास बसला आणि मग म्हणाला, आधार कार्डाचं काम इथेच होतं ना?

घरी येऊन रडले. आई भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "बॅनर बघून कोण येतंय गं? घरी जाऊन कुंकू लावून बोलवावं लागतं मानसाला."

तेव्हाच मला ते सुचलं. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीला अवकाश होता. वाचनालयातच हळदीकुंकू ठेवायचं, आणि त्यातच बायकांकडून एक गोष्ट वाचून घ्यायची, प्रत्येकीने एक पान. दुसऱ्या दिवशी मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. हात थांबला, पुन्हा सुरू झाला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "बायका येतील."

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला ते माहीत होतं. माहीत असून त्या क्षणी माझ्या मनात आलं नाही, हे मी इथे लिहून ठेवते, कारण ते कोणाला सरळ सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

चार संध्याकाळी मी कुंकवाची डबी घेऊन दारोदार फिरले. नेरळच्या नव्या इमारतींतही गेले, आमच्या बाजूच्या गावांतही. वाण काय द्यायचं ते बाईंनीच सुचवलं : वाचक कार्ड, वर्षभर पुस्तक घरी न्यायला. कार्डांवर शिक्का मारून, रेघा ओढून त्यांनी गठ्ठा करून ठेवला. गोष्टही त्यांनीच निवडली. मला वाचून दाखवली, कुठे थांबायचं तेही सांगितलं.

त्या दिवशी हॉल भरला. खरोखर भरला. जिन्यावर चपला ठेवायला जागा नव्हती. टेबलं भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या होत्या. मी हळदीकुंकू लावत पुढे सरकत होते आणि मनात एकच, वाचली, अभ्यासिका वाचली.

"अगं, वाण म्हणून हे काय? कार्ड?" एक काकी ओरडली.

"रेशनचं हाय का बघ!" दुसरी म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

"गालनी-बिलनी नाय का गं? मागल्या वर्साची तुटली माजी."

उखाण्यांना तर थांबाच नव्हता. एका आजींनी नवऱ्याचं नाव घेता घेता त्याच्या घोरण्यापर्यंत मजल नेली. गोष्टीची वेळ झाली तशी मी बाईंना शोधायला लागले. वर नव्हत्या.

खाली आले. दोन कपाटांच्या मधे स्टूल घेऊन त्या पुस्तकांना नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"बाई, वर चला ना. सुरुवात तुम्ही करायची आहे."

"नको गं. मी आले की त्या अवघडतील. हळदीकुंकू चाललंय." आवाज नेहमीसारखाच होता. "तू वाच. तिसऱ्या पानावर घाई करू नको."

माझ्या बोटांना कुंकू होतं. मी हात मागे घेतले, आणि तेच बहुतेक जास्त वाईट झालं.

वर जाऊन वाचायला लागले. दीड पान झालं असेल. "आटप बाय, गाडी चुकंल," कोणीतरी म्हणालं. एक उठली, मग ओळच उठली. पुढचं पान वाचायला कोणी मागितलं नाही. सतरंजीवर बरीच कार्डं तशीच पडली होती, काहींवर तिळगुळाचे चिकट डाग.

अध्यक्ष दारात उभे होते, एकदम खूष. "काय शोभतोय हॉल! उगाच टेबलांनी अडवून ठेवला होता."

आठ दिवसांत कमिटीने ठरवलं, वरचा हॉल छोट्या कार्यक्रमांना भाड्याने द्यायचा. मी अध्यक्षांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, म्हणून कडेला उभी राहिले.

"तुम्ही म्हणाला होतात, भरून दाखवा म्हणून."

"मग? तूच तर भरून दाखवलास."

"परीक्षेपर्यंत तरी, सर. एप्रिलपर्यंत."

"परीक्षा काय, दरवर्षीच असते पोरी." ते रागावले नव्हते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणून मला भांडताही आलं नाही.

टेबलं विकली गेली. एक बाईंनी ठेवून घेतलं, कपाटांच्या मधे, जिथे त्या हळदीकुंकवाच्या दिवशी बसल्या होत्या. बाकीचे चौघे यायचे बंद झाले. मी जाते. वर बारसं असलं की स्पीकरचा दणका छतातून खाली येतो आणि तीच ओळ पाच वेळा वाचावी लागते. इतिहासाच्या दोन पेपरांची तयारी माझी अजून झालेली नाही.

काल हिंमत केली. म्हटलं, "बाई, माझ्यामुळे झालं."

"खोली आज ना उद्या जाणारच होती."

"मी खोलीचं म्हणत नाही."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "कळलं मला," म्हणाल्या. मग माझं पुस्तक स्वतःकडे ओढून त्यांनी धडा उघडला आणि वरच्या गाण्याच्या वर आवाज चढवून मला प्रश्न विचारायला लागल्या. पहिल्याचं उत्तर मला आलं नाही. दुसऱ्याचंही नाही.