हिसकलेली वायर

आमची थोरली वहिनी ड्रायव्हर लिहिते, म्हणजे संगणकाला यंत्राशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम. रुग्णालयातलं नाडीचं यंत्र दर चार दिवसांनी गोठायचं आणि जुनाच आकडा दाखवत राहायचं. तिचा ड्रायव्हर कामापुरती घेतलेली मेमरी कुठेतरी परत करत नव्हता, आणि ती साठून साठून यंत्र अडायचं. कुठे, ते आठवडाभर सापडेना. त्यातच तिच्या वडिलांना तेच यंत्र जोडलं. आज तिसरा दिवस होता.

तिला बसवेना, उभं राहवेना.

"पोरी, टेक जरा. तुला बघून मलाच घाम फुटलाय," वडील म्हणाले.

एवढ्यात नर्सने अंग पुसायला वायर हिसकून काढली.

"ताई, आधी थांबवायचं बटण दाबायचं ना?" वहिनीने विचारलं.

"बाई, इथे बटणं दाबत कोण बसतंय?"

वहिनी थबकली. ऑफिसात यंत्र तपासताना सगळे बटण दाबूनच वायर काढत, आणि मेमरी परत जायची ती फक्त बटणावर. ती धावतच ऑफिसात गेली. वायर अचानक निघाली तरी मेमरी सोडायची, एवढं तिने लिहिलं आणि शंभरदा वायर हिसकून पाहिली.

संध्याकाळी वडिलांच्या यंत्रावर नवा ड्रायव्हर चढेपर्यंत यंत्र दोन मिनिटं बंद होतं. तेवढा वेळ तिने वडिलांचं मनगट धरून ठोके मोजले, आणि दोनदा चुकली.