कुंभारवाड्यातली निळी गाय

समोर येईल ती वस्तू बोटाच्या पेराने वाजवून पाहायची त्या कुंभारणीला सवय होती. मडकी तर ती वाजवायचीच, पण दार, बाक, कलिंगड, पत्र्याची पेटी, काहीही. एकदा सोयरिकीसाठी आलेल्या एका जवान पोराच्या पाठीवर तिने थाप मारली आणि कान जवळ नेला, हे मी स्वतः पाहिलं आहे. वाजवून झालं की मान किंचित तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच: ‘बराबर हाय’ किंवा ‘बद हाय.’ बद म्हणजे आतून चिरलेलं मडकं जसं वाजतं तसं.

मी तेव्हा हिंगोली स्टेशनवर पार्सलबाबू होतो. गाडी आमच्याकडे येऊन संपायची, त्यामुळे एकदा ती आली की मग दिवसभर फारसं काम नसे. अशा एका रिकाम्या दुपारी ही बाई डोक्यावर गवताने भरलेली पाटी घेऊन आत आली. मागून दोन पाट्या घेऊन तिचा नवरा. पाटी उतरवून तिने पहिलं काम केलं ते माझं टेबल वाजवायचं.

“बाबू, तुमचा टेबल बद हाय.”

मी हसलो. तीन आठवड्यांनी तपासणीला आलेले मोठे साहेब त्या टेबलावर टेकले आणि टेबल मधोमध दुभंगलं. साहेबांना काही झालं नाही, पण मी त्या दिवसापासून तिला मावशी म्हणू लागलो.

त्या पाट्यांत मडकी होती आणि ती मुंबईला जायची होती. हिंगोलीच्या कुंभारवाड्यातून मुंबईला मडकी! तिथे काय माती संपली होती? मी विचारलं तर मावशी म्हणाली, “चितारी हाय एक. त्याला पाहिजेत.”

या चिताऱ्याची गोष्ट मला पुढे कळली. मुंबईचा तो चित्रकार औंढ्याच्या देवळावरची शिल्पं काढायला निघाला होता. उंच, किडकिडीत माणूस, उन्हाने रापलेला. वाटेत तहान लागली म्हणून त्याने बैलगाडी कुंभारवाड्यात थांबवली. मावशी ओसरीत बसून लग्नाची मडकी चितारत होती. चुना, गेरू आणि काडीला बांधलेली चिंधी, एवढंच तिचं सामान. चार फटकाऱ्यांत मोर आणि पाचव्यात त्याचा तोरा. चित्रकार पाणी प्यायचं विसरला. गाडीवान कंटाळून निघून गेला. हा माणूस बारा दिवस तिथेच राहिला, आणि त्या खेपेला औंढा काही त्याने पाहिला नाही.

“मी म्हनलं, देऊळ पाहून या आधी, मोर काय पळून जात न्हाई,” मावशी सांगायची. “तर म्हने, देऊळबी कुठं पळून चाललंय?”

मुंबईत त्याच्यासारखे पाच-सहा तरुण होते. डोळ्यांना दिसतं तसं काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचं म्हणणं त्याने मला एकदा फलाटावर दोन तास समजावून सांगितलं. मला एवढंच कळलं की राजे-राण्या आणि हुबेहूब द्राक्षं आता बंद. लोक त्यांना हसत होते, हे त्याने सांगितलं नाही, पण ते मला त्याच्या बोलण्याच्या घाईवरूनच कळलं.

जाण्याआधी त्याने मावशीचं चित्र काढलं. तोंड नारिंगी, दोन्ही डोळे एकाच अंगाला, आणि हात केवढे! तोंडाच्या तिप्पट. नवऱ्याने ते पाहिलं आणि घाईघाईने गाढवांना चारा घालायला निघून गेला. तो मुळातच अबोल माणूस. सबंध वाडा त्याला दादा म्हणायचा आणि त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा करायचा नाही. शेजारणी मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या. मावशीने आधी कॅनव्हास वाजवला. तो डफासारखा वाजला. मग ती बराच वेळ पाहत राहिली.

“हात बराबर काढले,” ती म्हणाली. “मव्हं तोंड मी कवा पाहते? दिसभर हातच तर पाहते.”

चित्रकार मला म्हणाला होता, मुंबईत इतकी वर्षं बोलतो आहोत, पण हे असं कुणी बोललं नाही.

तिथून देवाणघेवाण सुरू झाली. त्याला आणि त्याच्या मित्रांना तिच्या रेषेची मडकी समोर ठेवायला हवी असत. तिने ठरवून टाकलं की पाटीभर मडक्यांना एक चित्र. त्यामुळे माझ्या नोकरीत एक नवीच अडचण उभी राहिली. आलेल्या पार्सलात काय आहे, ते मला नोंदवावं लागे. पहिलं पार्सल उघडलं तर आत निळी गाय. तिला पाय पाच होते, किंवा चार पाय आणि एक शेपूट असेल. मी लिहिलं, ‘गाय, निळी, नग एक.’ स्टेशनमास्तरांनी रजिस्टर पाहिलं आणि मला बोलावलं. “बाबू, जनावर आलं तर त्याला डबा वेगळा लागतो, चारा-पाण्याची नोंद लागते.” मी त्यांना गाय दाखवली. ते चष्मा पुसून परत आले आणि म्हणाले, “नुसतं ‘माल’ लिहा.”

कुंभारवाड्यातलं ते तीन खणांचं मातीचं घर तुम्ही पाहायला हवं होतं. उतरंडीशेजारी निळी गाय. चुलीपासून लांब, धूर लागू नये म्हणून, एक लाल डोंगर आणि त्यात बसलेली डोळे नसलेली माणसं. सगळ्यांच्या मधे मावशी स्वतः, नारिंगी. बाजाराच्या दिवशी कळमनुरीकडून, पुसेगावकडून घागरी घ्यायला आलेली माणसं आधी आत डोकावून जायची. हसायची, बोटं दाखवायची. मावशीला त्याचं काही वाटत नसे.

“हसा की. पर उंबऱ्याच्या आत येऊन हसा, तिथून नीट दिसत न्हाई.”

एक शेतकरी गायीपुढे उभा राहून म्हणाला, “निळी गाय असती का कुठं?”

“भल्या पहाटं गोठ्यात गेलाय का कवा? दिवा न घेता?”

तो माणूस विचारात पडला. पुढच्या बाजाराला मुद्दाम येऊन सांगून गेला, “व्हय मावशी, असती.”

चित्रकाराने पाठवलं म्हणून तिला सगळंच आवडे, असं मात्र नव्हतं. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा त्याचं एक मोठं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं.

“हे उलटं का ठेवलं?” त्याने विचारलं.

“ते तुमी लोकांला दाखवायसाठी काढलं. मला तेच दिसून राहिलं.”

तो रागावला. दोन दिवस जेवायला खानावळीत माझ्याबरोबर आला आणि खेडवळ बाईला काय कळतं, असं बरंच बोलला. तिसऱ्या दिवशी चित्र गुंडाळून मुंबईला घेऊन गेला. सहा महिन्यांनी तेच कापड परत आलं, सगळं खरवडून नव्याने रंगवलेलं. आता त्यात फक्त एक रस्ता होता आणि एक बसलेलं कुत्रं. मावशीने ते सुलटं टांगलं.

मी तिला एकदा विचारलं, “मावशी, खरंच आवडतं तुला हे?”

ती घागर थापटत होती. थापटणं न थांबवता म्हणाली, “बाबू, मव्हं मडकं फुटतं. फुटायसाठीच असतं ते. आज न्हाई फुटलं तर उद्या मी काय इकू? आन् हे लोक असं करून राहिले की ज्यात पाणी ठेवता येत न्हाई, दाणे ठेवता येत न्हाईत. नुसतं पाहायचं. मला त्याचं नवल वाटतं. म्हनून पाहते.”

मग तो एका हिवाळ्यात न कळवता आला. बरोबर लांबलचक वळकटी. दाढी वाढलेली. माझ्याकडे न पाहता तो स्टेशनबाहेर पडला, म्हणून मी ड्युटी संपताच कुंभारवाड्यात गेलो. अंगणात मडकी भाजायचा आवा रचून तयार होता. खाली गोवऱ्या, वर घागरींचा ढीग आणि त्यावर गवत नि माती. अजून पेटवायचा होता. आव्याशेजारी तो वळकटी घेऊन उभा होता.

मुंबईत त्याने आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं होतं. लोक आले, हसले आणि गेले. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की हे चित्रकार आहेत की रंगाचे डबे लवंडणारे? ज्या मित्रांवर त्याची भिस्त होती, त्यातल्या दोघांनी नोकऱ्या धरल्या.

“मावशी, ही अकरा चित्रं तुमच्या आव्यात घाला,” तो म्हणाला. “मला घरी जाळायची नाहीत. इथे जळू देत.”

दादा हातात पेटती काडी घेऊन तसाच थांबला. मला वाटलं, आता मावशी त्याला जवळ घेईल, धीर देईल. तिने वळकटी त्याच्या हातून घेतली आणि नाकाशी नेली.

“तेलाचे रंग हायत का?”

“हो.”

“मग न्हाई जमायचं. आव्यात सव्वाशे घागरी हायत. ह्या तेलाचा धूर लागला तर पाण्याला वास मारंल. सव्वाशे घरची लोकं मला शिव्या देतील.”

तो थक्क होऊन पाहत राहिला.

“ठिवा घरात,” ती म्हणाली. “जाळायला काय, कवाबी जळतील. आधी भाकर खा.”

तो जेवला. मग ओसरीत अंग टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला. उठल्यावर मावशीने त्याला मातीत मिसळायची राख चाळायला बसवलं. आठ दिवस तो राख चाळत होता. नवव्या दिवशी त्याने माझ्याकडे जुनी रजिस्टरं मागितली आणि पानांच्या कोऱ्या पाठींवर गाढवं काढायला सुरुवात केली. मुंबईला गेला तो रिकाम्या हातांनी. अकरा चित्रं मावशीकडेच राहिली, आणि खिळे कमी पडले म्हणून तिने ते माझ्याकडून नेले.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमच्या संस्थानी मुलखात फार धुमश्चक्री माजली. माणसं घरं सोडून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात जाऊ लागली. रस्त्यांवर बंदुका घेतलेल्या टोळ्या फिरत होत्या. मावशीची लेक नदीपलीकडे दिली होती, तिने निरोप धाडला. निघायच्या आदल्या दिवशी मावशी स्टेशनवर आली ती गोणपाट मागायला.

“भांडी बांधतेस?”

“भांडी तिकडं करता येतील. माती काय सगळीकडंच हाय.”

त्यांनी चित्रं चौकटींवरून उतरवली, गुंडाळली आणि चार रांजणांत घातली. वर गवत, त्यावर मातीचं लिंपण. चार गाढवांवर चार रांजण.

पुढचं मला दादाने सांगितलं. त्याच्या तोंडून एवढं सलग बोलणं मी आयुष्यात एकदाच ऐकलं. नदीच्या अलीकडे त्यांना अडवलं. रांजणात काय आहे, असं विचारलं. मावशी म्हणाली, चित्रं. कुणाचा विश्वास बसेना. एकाने बंदुकीच्या दस्त्याने रांजण फोडला. आतून कापडाची गुंडाळी घरंगळली आणि रस्त्यावर उलगडली. नारिंगी तोंड, एकीकडे डोळे.

“ये कौन है?” टोळीच्या म्होरक्याने विचारलं.

“मी हाय.”

म्होरक्याने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मागचे लोक हसायला लागले. हसता हसता एक जण खाली बसला. म्होरक्या मात्र हसला नाही. तो वाकून पाहत राहिला.

“हाथ बराबर है,” म्होरक्या शेवटी म्हणाला, आणि रस्ता सोडला.

मावशीने खाली बसून चित्र गुंडाळलं, धूळ झटकली आणि निघण्याआधी त्याला म्हणाली, “रांजण चांगला होता मव्हा.”

सप्टेंबरात राज्य बदललं. गाड्या पुन्हा नीट धावू लागल्या. दिवाळीच्या आधी दादा चारही गाढवांवर चित्रं लादून परत आला. एकटाच. पावसाळ्यात लेकीच्या गावी तापाची साथ आली होती. मावशी पाच दिवस अंथरुणात होती आणि सहाव्या दिवशी गेली. त्याने हे मला पार्सलच्या खिडकीतून सांगितलं आणि विचारलं, “चितारीला कळवायचं कसं? पत्ता तिला ठाऊक होता.” पत्ता मलाही पाठ होता. पत्र मी लिहिलं.

चित्रकार आला तो एका गृहस्थांना घेऊन. ते मुंबईत चित्रं जमवणारे होते. शांत, सभ्य माणूस. आता वारं फिरलं होतं. ज्यांना लोक हसले होते, त्यांचीच आधीची कामं शोधली जात होती. ती अकरा आणि बाकीची, सगळी घ्यायची त्यांची तयारी होती.

दादाने चित्रं अंगणात उन्हात पसरली. गुंडाळून ठेवल्यामुळे कडा वळत होत्या, त्यांवर खापराचे तुकडे ठेवले. निळी गाय, लाल डोंगर, रस्ता, कुत्रं. गृहस्थ हात मागे बांधून हळूहळू फिरले. एकापाशी बराच वेळ थांबले. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “यातलं सगळ्यात चांगलं कोणतं म्हणाल?”

चित्रकाराने दादाकडे पाहिलं. दादाने मान वळवली आणि घराच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, “ऐकलं का गं?”

आतून कुणी आलं नाही.

गृहस्थांना काही कळलं नाही. ते उत्तराची वाट पाहत होते. चित्रकाराने त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाला, “आज राहू द्या.” गृहस्थ समजूतदार होते. संध्याकाळच्या गाडीला त्यांचं तिकीट मीच काढून दिलं.

त्यांना बसवून मी परत कुंभारवाड्यात आलो तेव्हा चित्रकार अंगणातलं एकेक चित्र उचलून आत नेत होता. दादा त्याच्या मागे खिळे घेऊन चालला होता.