दोन चुलींवरची डाळ

पडदा वर जातो तेव्हा दिसते जत तालुक्यातली एक शाळा. पटांगणात मांडव, नव्या नळाला झेंडूची माळ, भिंतीवरच्या कोनशिलेवर छोटा मखमली पडदा. पहिल्या रांगेत मी. सांगलीत माझा निरोपाचा प्रयोग झाला, त्याचं उत्पन्न मी एका संस्थेला दिलं होतं. त्यातून इथं मुलांच्या पिण्याच्या पाण्यासाठी बोअर मारली. पडद्याची दोरी ओढायचा मान माझा.

सगळा मांडव माझ्याकडं बघत होता, एक बाई सोडून. ती आमच्याकडं पाठ करून दोन चुलींपुढं बसली होती. चाळीस वर्षं रंगमंचावर काढल्यावर माणसाची पाठही वाचता येते. त्या पाठीत संशय होता.

संस्थेचे इंद्रजित माझ्या कानाशी लागले. ती रंगुबाई, पोरांची भात-आमटी शिजवते. बारा वर्षं मळ्यातल्या विहिरीचं पाणी डोक्यावरून आणते, आणि बोअर लागली तरी तिचा एक तांब्यादेखील स्वयंपाकाला घेत नाही. शाळेला पिण्याच्या पाण्याचा टँकर देणारा तिचा दीर, बोअर चालली की त्याचा धंदा बुडणार, तेव्हा काय ते समजा. मी समजले. खलनायिका ओळखायची आम्हा नाटकवाल्यांना फार घाई.

उठून तिच्यापाशी गेले आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "रंगुबाई, पाण्यात दोष आहे की मनात?"

"बगा की," म्हणत तिनं दोन्ही पातेल्यांवरची झाकणं काढली.

एकाच पोत्यातली तूरडाळ, दोन्ही चुली एकदम पेटवलेल्या. विहिरीच्या पाण्यातली डाळ मऊ होऊन विरघळली होती. माझ्या बोअरच्या पाण्यातली खड्यासारखी टणक.

तिचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. नव्या मुलखात पोचलं की बाप आधी मेंढरांना पाण्यावर सोडून ती पितात का बघायचा, मग मूठभर डाळ शिजत घालायचा. शिजली तर बिऱ्हाड उतरायचं, नाहीतर पोरं रडत असली तरी पुढं चालायचं. आता तिची नात प्रांजल याच शाळेत दुसरीला होती.

मी इंद्रजितांकडं पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागितला. तो अजून यायचा होता. मग आजच उद्घाटन कशाला? तारीख माझ्या सवडीनं ठरली होती आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मी दोरी ओढली नाही. दोन बाटल्या भरून स्वतः मिरजेला तपासायला नेल्या. क्षार आणि फ्लोराइड, दोन्ही पिण्याच्या मर्यादेबाहेर निघाले. आणि दिराशी रंगुबाईचं बोलणंच बंद आहे, हेही मागाहून कळलं.

तीन महिन्यांनी संस्थेनं फिल्टर बसवला. पुन्हा मांडव, पुन्हा माळ. या खेपेला फिल्टरच्या पाण्याचा निर्दोष अहवाल माझ्या हातात होता. नाटकातलं पत्र वाचावं तसा तो मी खणखणीत वाचला. टाळ्या पडल्या. रंगुबाई शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत उभी होती. मग तिनं नळाखाली पातेलं भरून डाळीसकट चुलीवर चढवलं, तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

"आदी तुमी प्या, बाई. तवर डाळ शिजतीया का बगू."