‘नेव्हिगेशन’चं माहेर

सकपाळ सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती आठवीत, पोलादपूरच्या शाळेत. उमरठच्या वरच्या वाडीतून उतरून येणाऱ्या आम्हा मुलींना इंग्रजीच्या तासाची धास्ती असे. सरांनी त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. तुमच्या गोठ्यामागचं मुंगूस इंग्रजांनी कधी नेलं, ठाऊक आहे का, असं विचारून त्यांनी फळ्यावर जगाचा ओबडधोबड नकाशा काढला आणि एकेका शब्दाचं गाव दाखवायला सुरुवात केली. ‘मंगूस’ आपल्या मराठीतून गेलं, केचप चीनच्या किनाऱ्यावरून, त्सुनामी जपानातून, रोबो चेक लोकांकडून. शेजारणीकडून विरजण न्यावं आणि दही आपलं म्हणावं, तशी ही भाषा आहे, असं सर म्हणत. माझी भीती त्या तासाला गेली ती गेलीच.

सरांच्या चौकसपणाला काळवेळ नसे. एकदा सहलीहून परतताना आंबेनळी घाटात एसटी बंद पडली. बाकीचे शिक्षक मुलं मोजत होते आणि सर रस्त्याकडेला थांबलेल्या एका डच जोडप्याला त्यांच्या भाषेतून इंग्रजीत गेलेले शब्द विचारत होते. ‘बॉस’ हा शब्द त्यांचा, हे कळल्यावर सर इतके खूश झाले, की दुसरी गाडी आली तेव्हा त्यांना हाताला धरून चढवावं लागलं. लग्नपत्रिकेखाली आर. एस. व्ही. पी. छापलेलं असलं, की सर आजही न चुकता पोस्टकार्ड टाकतात. फ्रेंचमध्ये का होईना, माणसाने उत्तराची विनंती केली आहे, असं त्यांचं म्हणणं. मुंबईहून पत्रिका छापून आणणाऱ्यांना त्या कार्डाचं काय करावं ते कळत नाही.

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी समितीने लेख मागितला तेव्हा मात्र मला आठवली ती वेगळीच गोष्ट. नववीत असताना महाडच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. भाषण सरांनी लिहून दिलं होतं. ‘नेव्हिगेशन’ हा शब्द संस्कृत ‘नवगति’वरून इंग्रजीत गेला, या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या वाडीत आलेली ती पहिली ढाल. मुंबईला हॉटेलात कामाला असलेले माझे बाबा ती बघायला रजा काढून आले.

त्याच दिवसांत सर आमच्या घरी आले. त्यांनी तो शब्द मोठ्या शब्दकोशात पाहिला होता. तो लॅटिनमधून आलेला. आपली ‘नौ’ त्याची फार तर चुलत बहीण, आई नव्हे. बाबा ओटीवर पाहुण्यांना ढाल दाखवत होते. सरांनी मला बाजूला घेतलं. “चूक माझी आहे, ती आयोजकांना कळवायला हवी. पण ढाल तुझी आहे, म्हणून तुला विचारतो. कळवू का?”

“नाय सर,” मी म्हणाले. “बाबा ती बघायलाच आलेत.”

सर चहा पिऊन गेले. सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे उभं राहून आपण चुकीचं शिकवलं असं त्यांनी सांगितलं आणि शब्दाचा खरा उगम समजावला. माझं किंवा स्पर्धेचं नाव काढलं नाही. पूर्वी हेच शिकवलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनाही पत्रं लिहून कळवलं. मला मात्र पुन्हा कधीच विचारलं नाही, मी इंग्रजीची शिक्षिका झाले तेव्हाही नाही. त्यांच्या या न विचारण्याचा मला राग येत असे, हेही कबूल करते. एकदा ओरडले असते तर मी सुटले असते.

गेल्या आठवड्यात मी ढाल घेऊन महाडला गेले. त्या स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या बाई तिथे बँकेत असतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ढालीवरची अक्षरं सावकाश वाचली.

“तो शब्द मला नाही आठवत,” त्या म्हणाल्या. “घरी, सव गावाला पोचेपर्यंत रडत होते, ते आठवतं.”

ढाल मी त्यांच्याकडेच ठेवून आले.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली. कळवा, सर. या ग्रंथातून मीच सगळ्यांना कळवते आहे. पंचाहत्तरी पार करताना तुमची प्रकृती ठणठणीत राहो, शब्दकोशातली बारीक अक्षरं तुम्हाला शंभरीतही दिसोत. वर्गात माझ्या चुका अजून होतात, सर. त्या कबूल करायला यावं असं घर मला तुमचंच ठाऊक आहे.